साठावा शब्द

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. रविवारी फोनवर "मजेत आहे" म्हणाले ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं लिहायला बसले आहे, कारण फोनवर बोलताना मागे आई असते आणि आईला काळजी लागली की ती स्वच्छ डबेसुद्धा पुन्हा घासायला काढते.

नोकरीला महिना झाला. कंपनी लहान आहे. एका लांब खोलीत चौदा टेबलं, टोकाला आमच्या सरांची काचेची खोली. दवाखान्यांत पेशंटच्या नोंदी ठेवण्यासाठी आम्ही एक प्रोग्राम बनवतो. माझं काम टेस्टरचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम मुद्दाम वेडावाकडा वापरायचा आणि तो कुठे अडखळतो ते पाहायचं. जन्मभर शंकाच काढत आले, त्याची कुठेतरी किंमत आहे हे पाहून बरं वाटलं.

पण आत्या, मला इथल्या लोकांचं बोलणं कळत नाही. वाक्य आपलं असतं, क्रियापद आपलं असतं, आणि मधले सगळे शब्द कॉम्प्युटरचे. शेजारच्या टेबलावर जो बसतो त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंदच होत नाही. त्याने परवा विचारलं, "कालचं डिप्लॉय केलंस ना?" मी "हो" म्हटलं. डिप्लॉय म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन फोनवर अर्थ पाहिला. तयार झालेला प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे प्रत्यक्ष चालू करणं. मी असलं काहीच केलं नव्हतं! परत येऊन तसं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग हो कशाला म्हणालीस? चहा घेणार का असं विचारलं होतं का मी?" सगळी रांग वळून हसली. माझे कान अजून गरम आहेत.

म्हणून आपली पद्धत सुरू केली आहे. वही आणली. डावीकडे शब्द, उजवीकडे आपल्या भाषेत अर्थ, आणि तुझा नियम: स्वतः पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. मी पोस्ट ऑफिस न पाहता त्यावर दहा ओळी लिहिल्या होत्या, तेव्हा तू पान फाडून मला पोस्टातल्या बाकावर दोन तास बसवलं होतंस. तसंच आता प्रत्येक शब्दासमोर बसते.

आजवरचे तीन:
कर्सर – पडद्यावर लुकलुकणारी उभी रेघ. "हं, पुढे काय?" म्हणत उभी असलेली.
बग – प्रोग्राममधली खोड. पाहुण्यांसमोरच बाहेर येते.
सेव्ह – शाई वाळेपर्यंत पान न मिटणं.

घरून निघते तेव्हा वेळेवर निघते, आणि कुलूप तपासायला एकदाही परत जात नाही.

पत्रात आपल्या खेळाप्रमाणे एक चोरवाक्य लपवलं आहे. एकच खोटं, बाकी सगळं खरं. शोध.

तुझी,
शंकाबाई

*

११ फेब्रुवारी

शंकाबाई,

चोरवाक्य सापडलं. कुलूप! तू एकदा तरी परत जात असणार. दोनदा जात असशील तर मला नवल नाही. अगं, जरा कठीण लपवत जा. आठ वर्षांची होतीस तेव्हा बरं लपवायचीस.

न कळता "हो" म्हणालीस, ते वाईट. परत येऊन "नाही" म्हणालीस, ते बरं. दुसऱ्या वेळी मधला बाथरूमचा फेरा वाचव आणि तिथल्या तिथे विचार.

सेव्हचा अर्थ मी माझ्याकडेही उतरवून घेतला. कारण ऐक. आमच्या दवाखान्यातही कॉम्प्युटर येतोय. डॉक्टरीणबाईंनी ठरवलंय. एकतीस वर्षं मी या खोलीत पेशंटची कार्डं लावते आहे, एक कार्ड हरवलेलं नाही, आणि आता म्हणे कार्डं बंद. काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, "मावशी, तुम्ही घाबरू नका, सोप्पं असतं." मी म्हटलं, "घाबरत नाही गं, पण सोप्पं असतं म्हणणाऱ्यांची भीती वाटते."

ज्या टेबलावर तुला बाराखडी शिकवली त्याच टेबलावर तो ठेवणार आहेत. तू टाकाने कोरलेला ससा अजून तिथे आहे. ससा दिसेल असाच ठेवा, असं मी सांगणार आहे.

शब्द पाठवत राहा. म्हातारपणी विद्यार्थिनी झाले.

आत्या

*

२ मार्च

प्रिय आत्या,

मोठी बातमी. सरांनी मला पुस्तिका लिहायला दिली आहे! आमच्या प्रोग्रामसोबत दवाखान्यांना द्यायची. पडद्यावरचे साठ इंग्रजी शब्द आणि त्यांचे सोपे अर्थ. माझी वही रेडिओने टेबलावर पाहिली, मोठमोठ्याने वाचून दाखवली, आणि मला वाटलं आता मेले. तर सर बाहेर येऊन म्हणाले, "हेच पाहिजे. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या लोकांना असंच सांगायला हवं. शुक्रवारपर्यंत साठ होतील?"

झाले. साठही शब्द मी आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, मगच लिहिले. डिफॉल्टसाठी अर्धा दिवस गेला. शेवटी लिहिलं: "तुम्ही काही सांगितलं नाही तर यंत्र आपल्या सवयीने जे करतं ते." डिलीटसाठी मी शंभर खोटे पेशंट भरले आणि एकेक पुसले. एकाला तुझं नाव दिलं होतं, त्याला पुसवेना, तो तसाच ठेवला आहे.

आमच्या ऑफिसात एक मांजर आहे, ती प्रिंटरवर झोपते, कारण तो गरम असतो. पुस्तिकेची पहिली प्रत छापताना तिला उठवावं लागलं.

पुस्तिकेवर माझं नाव नाही, तशी पद्धत नाही. पण मी आनंदात आहे. आनंदात आहे असं लिहिताना भीती वाटते, हे तुला माहीतच आहे.

चोरवाक्य शोध. या वेळी कठीण आहे.

तुझी,
शंकाबाई

*

२३ मार्च

शंकाबाई,

चोरवाक्य मांजर. ऑफिसात कोण मांजर ठेवू देईल?

आता माझी बातमी. गेल्या सोमवारी कॉम्प्युटर आला. बसवायला आलेल्या माणसाने तासाभरात सगळी जुनी कार्डं आत आहेत असं दाखवलं, बॅकअप म्हणून एक प्रत काढून ठेवली, आणि जाताना हातात एक पुस्तिका दिली. निळी, पातळ. मी उघडली. पहिल्याच पानावर: "सेव्ह – शाई वाळेपर्यंत पान न मिटणं."

मी खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय झालं, चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही हो, अक्षर ओळखीचं वाटलं." त्या म्हणाल्या, "छापील आहे ते!"

कुणाला सांगितलं नाही, तुझं नाव नाही म्हणून. पण पुस्तिका मी खणात ठेवत नाही, टेबलावरच ठेवते, सशाशेजारी. अडलं की उघडते आणि लिहिलंय तसं करते. काउंटरवरची मुलगी म्हणते, "मावशी, मला विचारा ना, मी सांगते." मी म्हणते, "मला सांगणारं माणूस आहे."

एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. हा अनुभव नवीन आणि फार सुखाचा आहे.

आत्या

*

१४ एप्रिल

प्रिय आत्या,

मांजर खरी आहे. हरलीस.

तू पुस्तिका ओळखलीस हे वाचून मी जिन्यात जाऊन रडले आणि परत येऊन मला सर्दी झाली असं रेडिओला सांगितलं. तुझं पत्र पाकिटासकट पर्समध्ये आहे.

इकडे कामाचा ढीग आहे. आता चौतीस दवाखाने झाले. तक्रारी आल्या की त्यांची नोंद मी करते, तिथे दवाखान्याचं नाव नसतं, क्रमांक असतो. गेल्या आठवड्यात एक तक्रार आली. कुठल्यातरी दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंनी चुकीचं बटण दाबलं आणि तेवीस दिवसांच्या नोंदी गेल्या. परत आणता येत नाहीत. रेडिओने पाहिलं आणि म्हणाला, "प्रोग्राममध्ये काही नाही, यूजर एरर लिही आणि बंद कर." मी लिहिलं आणि बंद केली.

हा शब्द वहीत नाही. यूजर एरर. तक्रार बंद करताना हा शब्द सगळे फार वापरतात. आपल्या भाषेत काय लिहू? "वापरणाऱ्याची चूक" एवढं पुरे का? का कोण जाणे, लिहिताना हात अडखळतो आहे. उगाच असेल. मला कशाचंही काहीतरी वाटतं.

आमच्या इमारतीला लिफ्ट बसवली, आता जिने चढावे लागत नाहीत.

तुझी,
शंकाबाई

*

२२ एप्रिल

चि. शंकाबाई,

पत्र मिळालं. अर्थ बरोबर आहे, तसाच लिही. वापरणाऱ्याची चूक. वापरणाऱ्याने दाबण्याआधी विचारायला हवं होतं. शेजारी विचारायला माणूस असताना विचारलं नाही, तर चूक त्याचीच.

माझे गुडघे दुखताहेत, म्हणून थोडी रजा घेतली आहे. कॉम्प्युटर काउंटरवरची मुलगी बघते. तेच बरं. काळजीचं कारण नाही. आईला सांगू नकोस, ती डबे काढेल.

जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस.

आत्या

*

२ मे

आत्या,

तू चोरवाक्य शोधलं नाहीस. लिफ्ट नाही बसवली, हे तुला सहज कळलं असतं, कारण त्याच पत्रात मी जिन्यात रडले होते. अकरा वर्षांत तू न शोधता कधी पत्र मिटलं नाहीस. आणि तू मला "चि." लिहिलंस.

तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. सातव्या वेळी उठले आणि ड्रॉवरमधून ग्राहकांची यादी काढली. ती यादी पहिल्यापासून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. तक्रार आली तेव्हाही होती. तक्रारीवरचा क्रमांक एकवीस कोणाचा ते पाहायला दहा सेकंद लागले असते. मी पाहिलं नाही. आता पाहिलं.

तुमचा दवाखाना.

आता मी क्रमाने सांगते. मधेच घाबरले तर थांबेन, पण वळणार नाही.

२ मार्चच्या पत्रातलं चोरवाक्य हे होतं: "साठही शब्द मी आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, मगच लिहिले." एकोणसाठ पाहिले होते. साठावा रिस्टोर. शुक्रवार होता, चार वाजले होते, छापायला जायचं होतं. रिस्टोर पाहायचं तर आधी सगळा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर बसवावा लागतो, त्याला अर्धा दिवस जातो. मी रेडिओला विचारलं. तो हेडफोन न काढता म्हणाला, "अगं, बॅकअपमधलं परत आणतं, बस." मी विचारणार होते, परत आणतं म्हणजे आताच्याचं काय होतं? शंका आली होती, आत्या. आली नव्हती असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सरांनी पुस्तिकेचं कौतुक केलं होतं, आणि डिप्लॉयच्या दिवशी हसलेली ती रांग मागे बसली होती. पुन्हा वेड्यासारखा प्रश्न विचारायची लाज वाटली. मी लिहिलं: "रिस्टोर – हरवलेली नोंद परत मिळवणे."

तुला ते खोटं मी खेळात सांगितलं. म्हणजे सांगितल्यासारखंही झालं आणि लपवल्यासारखंही. असं करायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

तक्रार वाचली तेव्हा बटणाचं नाव त्यात स्पष्ट होतं. रिस्टोर. माझ्याच वाक्यामुळे दाबलं गेलं असेल हे मला तेव्हाच कळलं होतं, निदान कळत होतं. तरी मी "यूजर एरर" लिहिलं. खाली माझी सही आहे. आणि मग तुलाच विचारलं, आपल्या भाषेत काय लिहू.

काय झालं ते मला सांग. लपवू नकोस. गुडघ्याचं मला खरं वाटत नाही.

मी

*

९ मे

पोरी,

गुडघे खरंच दुखतात. रजेचं खोटं आहे. बघ, चोरवाक्य मीही पाठवलं होतं.

आठ एप्रिलला सकाळी एक आजोबा आले. त्यांना कुठलंसं इंजेक्शन सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, तशी नोंद मी आदल्या आठवड्यात स्वतः केली होती. ती पडद्यावर दिसेना. दुसऱ्या कुणाच्या नावात गेली असणार, हे नंतर सुचलं. तेव्हा वाटलं, हरवली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "थांबा मावशी, मी बघते." मी म्हटलं, "नको." पुस्तिका उघडली. हरवलेली नोंद परत मिळवणे. दाबलं. त्याने विचारलं, खात्री आहे का? मला खात्री होती.

आजोबांची नोंद आली नाही. तेवढीच नव्हे, कॉम्प्युटर आल्या दिवसापासूनची एकही राहिली नाही. दोनशे बारा पेशंट. बसवणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी काढलेली प्रत तेवढी परत आली, तिने बाकीचं सगळं पुसलं.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं झाली, थकला असाल तुम्ही." मग म्हणाल्या, "त्या पुस्तिकेत काय लिहिलंय बघू जरा." पुस्तिका सशाशेजारी होती. मी हात ठेवला तिच्यावर. म्हटलं, "पुस्तिकेत बरोबर आहे हो. मीच नीट वाचलं नाही." आणि ती पिशवीत टाकली.

आयुष्यात पहिल्यांदा मी रेकॉर्डबद्दल खोटं बोलले. तुझ्यासाठी बोलले असं वाटत होतं. नंतर वाटलं, थोडं माझ्यासाठीही. "मला सांगणारं माणूस आहे" म्हणून मी मिरवले होते ना. सगळ्यांसमोर ते मागे घ्यायची लाज वाटली.

आणखी एक. बाकीच्या एकोणसाठ वाक्यांत तू दिसतेस. काहीतरी हातात धरून बघितलेलं दिसतं. साठावं वाक्य गुळगुळीत आहे, कुणाचंही असू शकेल असं. एवढी वर्षं तुझं लिखाण तपासलं, ते मला कळायला हवं होतं. मास्तरीण म्हणून ते माझ्या मनाला लागून राहिलंय.

आता काम. आल्या पेशंटचा नंबर लावतो त्या वहीत दोनशे बारा जणांची नावं आणि पत्ते आहेत. डॉक्टरीणबाईंच्या औषधाच्या चिठ्ठ्या लोकांच्या घरी आहेत. मी रोज घरोघर जाऊन त्यांवरून नोंदी उतरवून आणते. पहिल्यांदा आजोबांकडे गेले. आजवर एकशे सत्तेचाळीस झाल्या. लोक पाणी देतात, बस म्हणतात. एक बाई म्हणाल्या, "तुमचं ते यंत्र बिघडलं वाटतं?" मी म्हटलं, "यंत्र ठीक आहे." गुडघे त्यामुळे दुखतात, जिन्यांमुळे.

तू तिकडे काही बोलू नकोस. नवी नोकरी आहे. चूक माझ्या नावावर चढली आहे, तिथेच राहू दे. माझी अशी किती वर्षं राहिली? तुझी सगळी आहेत.

आत्या

*

२४ मे

प्रिय आत्या,

या पत्रात चोरवाक्य नाही.

तुझं ऐकलं नाही. तुझं पत्र आलं त्याच दुपारी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी आधी खुर्ची दिली.

"सर, क्रमांक एकवीसची तक्रार चुकीची बंद झाली आहे."
"कुणी बंद केली?"
"मी."
"यूजर एरर होती ना?"
"त्यांनी पुस्तिकेत लिहिलंय तसंच केलं. पुस्तिकेत चूक आहे. ते वाक्य मी न पाहता लिहिलं."

त्यांनी पुस्तिका काढून वाचलं. बराच वेळ वाचत होते, ओळ एकच होती. रेडिओला आत बोलावलं. मला वाटलं तो हात झटकेल. तो म्हणाला, "सर, मी हिला अर्ध्या वाक्यात सांगितलं. हेडफोनसुद्धा काढला नव्हता." मग माझ्याकडे बघून, "तुला शंका आली होती ना? तुझ्या तोंडावर दिसलं होतं. मी मुद्दाम बघितलं नाही." त्यानंतर तो गप्प बसला. त्याला गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

सरांनी विचारलं, "एकवीस क्रमांकाच्या बाई तुझ्या ओळखीच्या आहेत?"
"माझी आत्या आहे."
"म्हणून आलीस?"

आत्या, मी अजून उत्तर शोधते आहे. दुसऱ्या कुणाची आत्या असती तर मी ती यादी काढली असती का? मला हो म्हणायचं आहे. पण न पाहता लिहायचं नाही, आणि हे मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं ते उलटंच आहे. कुणाची तरी आत्या आहे एवढंच माहीत होतं, तेव्हा मी सही करून बंद केलं.

पुस्तिकेचं काम माझ्याकडून काढून घेतलं. सहा महिने फक्त टेस्टिंग, आणि माझ्या प्रत्येक नोंदीवर दुसऱ्याची सही. बरोबर आहे. रांगेत आता कुणी हसत नाही, त्याचंच जास्त वाटतं. पण दुरुस्तीची चिठ्ठी मीच लिहावी असं सर म्हणाले. त्यासाठी अर्धा दिवस दिला, तोच अर्धा दिवस, जो त्या शुक्रवारी मी घेतला नव्हता. दुसऱ्या यंत्रावर प्रोग्राम बसवला. बॅकअप काढला. मग चाळीस खोटे पेशंट भरले, प्रत्येकाला नाव, वय, दुखणं दिलं. आणि रिस्टोर दाबलं. चाळीसही एका क्षणात गेले, आवाजसुद्धा झाला नाही. ते खोटे होते तरी मी त्यांची नावं पुन्हा शोधत बसले. तुझे दोनशे बारा खरे होते.

चिठ्ठी चौतीस दवाखान्यांना गेली. त्यात लिहिलं आहे:

"रिस्टोर – आजची पाटी पुसून जुनी पाटी समोर ठेवणं. जुन्या पाटीनंतर लिहिलेलं सगळं जातं. पुस्तिकेत याचा अर्थ चुकीचा दिला होता. ज्यांनी त्याप्रमाणे केलं त्यांची चूक नाही, लिहिणारीची आहे."

शेवटचं वाक्य सरांनी खोडायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "सर, तेवढं राहू द्या." त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि राहू दिलं. तक्रारीच्या नोंदीतलं "यूजर एरर"ही मी खोडलं आणि माझी चूक लिहिली.

चौथ्या दिवशी एक फोन आला. मीच घेतला. दुसऱ्याच दवाखान्यातले एक वयस्कर गृहस्थ. म्हणाले, "चिठ्ठी मिळाली. बाई, आमच्याकडेही झालं होतं हो. मार्चमध्येच. मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी झालं. सांगायची लाज वाटली. मी घरी बसून हाताने पुन्हा लिहून काढलं सगळं." मी माफी मागितली. ते म्हणाले, "नाही नाही, माफी कसली, चूक माझी नव्हती एवढं कळलं, पुष्कळ झालं." फोन ठेवताना त्यांनी मलाच धन्यवाद दिले. त्यांचा क्रमांक नऊ. क्रमांक एकतीसकडूनही असंच पत्र आलं आहे. म्हणजे तुम्ही तिघं होतात, तीन खोल्यांत, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपणच.

एक शेवटचं. पहिल्या दिवशी इथे मला विचारलं होतं, सुरुवातीची शाळा कुठली? मी म्हटलं, "एक लहानशी शाळा होती." दवाखान्याच्या रेकॉर्डच्या खोलीत, आत्याच्या टेबलावर, छाती कमजोर म्हणून अकराव्या वर्षापर्यंत घरच्यांनीच शिकवलं, हे सांगायची लाज वाटली होती. त्या दिवशी सरांच्या खोलीतून निघताना मी तेही सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. ते थोडे गोंधळले.

१२ जूनपासून आठ दिवस रजा मिळाली आहे. उरलेल्या पासष्ट घरांना मी तुझ्याबरोबर येते. येऊ ना?

तुझी,
शंकाबाई

*

२ जून

शंकाबाई,

चिठ्ठी दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाईंनी उभ्याउभ्या वाचली, मग माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "पुस्तिकेत बरोबर आहे म्हणाला होतात." मी म्हटलं, "हो." "एकतीस वर्षांत मला खोटं सांगितलं नव्हतंत." "नाही." त्या चिठ्ठी माझ्यापुढे ठेवून गेल्या. तो हिशोब आमच्या दोघींचा आहे, फिटेल तेव्हा फिटेल.

चिठ्ठी मी पुस्तिकेत साठाव्या शब्दावर चिकटवली. खाली लाल पेनाने एक ओळ घातली आहे: "दाबण्याआधी शेजारी बसलेल्या माणसाला विचारा." काउंटरवरच्या मुलीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मावशी, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय." तिला मी काल पहिल्यांदा एक शंका विचारली. चांगलं समजावते, पण फार भरभर.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर तू माझ्याकडे मागितलं नाहीस, ते बरं केलंस. मी देणार नाही. तो प्रश्न तुझ्याचपाशी असू दे, वहीत कोरं पान सोडून. क्रमांक नऊच्या गृहस्थांना मात्र पुन्हा एक फोन कर आणि त्यांच्या नोंदी पुऱ्या झाल्या का ते विचार. ते स्वतःहून सांगणार नाहीत. मला माहीत आहे.

घरं आता पासष्ट नाहीत, बेचाळीस राहिली. तळमजल्यावरची सगळी मी उरकली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरची तुझ्यासाठी ठेवली आहेत. लिफ्ट कुठेच नाही, हे खरं वाक्य आहे.

चपला नको, बूट घालून ये.

आत्या